ध्वजाचा अर्थ आणि ध्वजाचे कापड

राष्ट्रध्वजाचा अर्थ विचारला की आपले विद्यार्थी रंगांपासून सुरुवात करतात. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. ही समीकरणे इतकी पाठ झालेली असतात की त्यांनाही इतिहास आहे, हे ध्यानात येत नाही. १९२१ साली गांधीजींनी मांडलेल्या ध्वजात तांबडा रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा अन्य धर्मीयांचा होता. १९३१ साली काँग्रेसने तांबड्याच्या जागी केशरी आणला, धार्मिक अर्थ काढून घेतला आणि रंगांना गुणांची नावे दिली. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत राधाकृष्णन यांनी हिरव्याचा संबंध थेट माती आणि वनस्पतींशी जोडला. म्हणजे सव्वीस वर्षांत तीन भाष्ये! संहिता जवळजवळ तीच, टीकाकार मात्र बदलत गेले.

त्याच दिवशी चरख्याच्या जागी सारनाथचे चक्र आले. चरखा एका बाजूने पाहिला तर उलटा दिसतो, ही अडचण नेहरूंनी सांगितली. पण ठरावाचे शब्द नीट वाचावेत: हे चक्र चरख्याचे प्रतिनिधित्व करील, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चोवीस आऱ्यांना पुढे चिकटविलेल्या गुणांच्या याद्या वाचताना हे वाक्य कोणालाच आठवत नाही.

आमच्या मते ध्वजाचा खरा अर्थ रंगांत नव्हता, कापडात होता. नेहरूंनी सभेपुढे धरलेले दोन्ही ध्वज खादीचे होते, एक रेशमी आणि एक सुती. रंगांना अर्थ द्यावा लागतो. हाताने कातलेल्या सुताला तो द्यावा लागत नाही, कारण ते सूत ही प्रत्यक्ष घडलेली कृती असते. समीक्षेच्या भाषेत, रंग हा संकेत, खादी हा पुरावा.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावर विणलेले कापड आणि पॉलिएस्टर यांना मुभा मिळाली. ध्वज घरोघरी पोहोचावा, ही इच्छा आम्हांला मान्यच आहे. ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे. परंतु स्वस्त खादी पुरविण्याचा अवघड मार्ग सोडून खादीची अटच सैल करण्यात आली. हुबळीजवळच्या बेंगेरीत खादीचे ध्वज तयार करणाऱ्या हातांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्या वर्गांत मात्र रंगांचे अर्थ अजूनही दोन गुणांना विचारले जातात, कापडाविषयी प्रश्नच नसतो.