मागचा खडाका आणि आपल्या उसाचं बिल

सभासद बंधूंनो,

गळीत हंगाम ऐन भरात असतो. फडात टोळी ऊस तोडून बसलेली, मोळ्या बांधलेल्या, आणि भरलेला ट्रक पाणंदीच्या चढाला बंद पडतो. ड्रायव्हर म्हणतो, "मागं काहीतरी तुटलं." मग मागच्या गाड्या अडकतात, टोळीचा दिवस बुडतो, आणि तुटलेला ऊस उन्हात वाळत पडतो. वजन घटतं, साखरही घटते. हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलं आहे. पण तो ट्रक त्या दिवशी अचानक मोडलेला नसतो. तो कितीतरी दिवस आधीपासून आवाज देत असतो, आपण ऐकत नाही. याच विषयावर मला चार शब्द लिहायचे आहेत.

मी ऐन उमेदीची काही वर्षं मुंबईत भांडुपला काढली. लालबहादूर शास्त्री मार्गाला तेव्हा जुनी माणसं आग्रा रोडच म्हणायची. रस्त्याच्या कडेला कारखाने, आणि कारखान्यांचा माल वाहणारे ट्रक. तिथल्या एका गॅरेजात मी हेल्पर म्हणून लागलो आणि मागच्या डिफरन्शियलचं काम शिकूनच गावी परतलो. आमचे उस्ताद एकच गोष्ट सांगायचे : पाना उचलण्याआधी हात लाव, ढिलाई कुठं आहे ते हाताला विचार.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे बैलगाडीवरून लगेच कळेल. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, काही बिघडत नाही, कारण ओढ बैलांची असते. ट्रकात ओढ चाकांनाच द्यावी लागते, तीही दोघांना, आणि वळणावर दोघांना कमी-जास्त फिरूही द्यावं लागतं. हे काम डिफरन्शियल करतं. इंजिनाची ताकद प्रॉपेलर शाफ्टनं मागं येते, छोट्या पिनियनवरून मोठ्या क्राउनला जाते आणि तिथून दोन्ही एक्सलना.

आता ढिलाईचं. क्लच सोडताना 'खाड्' आवाज आला की पुष्कळ मिस्त्री बघितल्याबरोबर सांगतात, "क्राउन-पिनियन गेलं, नवं टाका." पण खडाका मागून आला म्हणजे दोष क्राउनमध्येच असेल असं नाही. थोडी थोडी ढिलाई सगळीकडे साठते आणि तिची बेरीज होऊन एक मोठा आवाज येतो. म्हणून क्रमानं पाहावं.

गाडी सपाट जागी घ्यावी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रल करावा. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवरच असतो. त्यांचा शाफ्ट उतरला की ब्रेकही गेला, हे विसरू नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर गाडीखाली कधीच शिरू नये.

आधी पाट्यांचे यू-बोल्ट आवळलेले आहेत का ते बघा. ते ढिले असतील तर अख्खं हाउसिंगच मागंपुढं सरकून खडाका देतं. मग शाफ्टच्या जॉइंटच्या दोन्ही बाजू धरून उलटसुलट पिळा. हाताला प्ले लागला तर क्रॉस गेला. त्यानंतर पिनियनचा फ्लॅंज खालीवर हलवून बघा. हलला तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट ढिला आहे. एवढं ठीक असून शाफ्ट हातानं बराच फिरत असेल, तरच दोष आत आहे. आवाज फक्त वळणावर येत असेल तर आतल्या छोट्या गिअरांकडे आणि त्यांच्या वॉशरांकडे संशय घ्यावा. पिकअप देताना घुंई वाजत असेल तर क्राउन-पिनियन किंवा त्यांच्या बेअरिंगांकडे. शेवटी ऑइलचा बोल्ट काढून बघा. काळपट लोखंडी चिखल थोडा असतोच. बोटाला चकत्या किंवा दाताचे तुकडे लागले, तर गाडी पुढं नेऊ नये.

खोलायची वेळ आलीच तर अंदाजपंचे काम नको. क्राउन आणि पिनियन ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, म्हणून बदलायची तर दोन्ही एकदम. दातांमधला प्ले डायल गेजनं, क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजावा आणि कंपनीनं दिलेल्या मापात बसवावा. दातांना रंग लावून फिरवून बघावं. रंगाचा ठसा दाताच्या मधोमध पडला पाहिजे, कडेला नको. दात चांगले असून नुसतं बेअरिंग गेलेलं असेल, तर बेअरिंग बदलून माप बसवलं की काम होतं, नवी जोडी लागत नाही.

भांडुपला एकदा एक ट्रक आला. कुणीतरी आवाज बंद करायला पिनियनचा नट जोर लावून आवळला होता. असं केल्यानं दातांमधली ढिलाई जात नाही, फक्त बेअरिंग दाबलं जातं आणि तापतं. आम्ही खोललं तेव्हा बेअरिंग निळं पडलं होतं आणि चांगली जोडीही त्यापायी गेली होती. उलट गेल्या हंगामात आमच्या शिवारातल्या एका ट्रकाला नवी जोडी टाकायची म्हणून मालक पैशाची जुळवाजुळव करत होता. हात लावून बघितलं तर क्रॉस गेलेला आणि यू-बोल्ट ढिले. दुसऱ्या दिवशी गाडी फडावर होती.

कुणी म्हणेल, गाडी वाहतूकदाराची, दुरुस्ती त्याची, कारखान्यानं आणि सभासदानं त्यात का पडावं? बंधूंनो, तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून वजा होतो. वाहतुकीचा दर वाढला तर तो आपण देतो. गाडी दोन दिवस उभी राहिली तर वाळलेला ऊस आपला असतो. टोळीतली माणसं बीडकडून लेकराबाळांसह आलेली असतात, त्यांचा तर दिवसच बुडतो.

आणि थोडं आपलंही बोलू. भरताना "अजून चार मोळ्या टाक, काय होतंय" असं कोण म्हणतं? आपणच. २०१८ साली सरकारनं दोन एक्सलच्या ट्रकची एकूण भारमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. कागदावरची मर्यादा वाढली, पण जुन्या गाडीच्या क्राउनचे दात काही जाड झाले नाहीत. पाणंदीच्या चढाला, चिखलात रुतलेल्या चाकावर, त्या जादा मोळ्यांचा झटका थेट त्याच दातांवर बसतो.

म्हणून संचालक मंडळाला माझी नम्र सूचना आहे. हंगाम संपल्यावर, वाहतुकीचे करार करण्याआधी, प्रत्येक गाडीची मागची तपासणी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये व्हावी. एक डायल गेज आणि एक जाणता फिटर एवढ्यानं सुरुवात होईल. किती प्ले निघाला, काय बदललं, याची नोंद गाडीच्या नंबरापुढं राहावी. दोष निघाला म्हणून गाडी बाद करू नये, दुरुस्तीला मुदत द्यावी आणि मगच उचल द्यावी. काट्यावर कुणाची गाडी किती जादा भरून आली, तेही त्याच वहीत लिहावं, मग ती संचालकाच्या फडातली असो की माझ्या.

बैलगाडीचं चाक डुगडुगू लागलं की आपले वडील आधी कुणी तपासायचे, मग आस, आणि मगच सुताराकडे जायचे. ती सवय आपण ट्रकापाशी येऊन सोडली. ती परत धरली तर वाहतूकदाराचा पैसा वाचेल आणि आपला ऊस वेळेवर गव्हाणीत पडेल.

कळावे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद