उकिरड्याचा पांग फिटला, रानाचा कधी?



ओल्या तुराट्या चुलीत घातल्या तर धूरच होतो, हे चूल पेटवणारी कुठलीही मायबहीण सांगेल. दिल्लीच्या शहाण्यांना ते कळायला कोट्यवधी रुपये लागले. १९८७ साली तिमारपूरला डेन्मार्कचे तंत्र आणून रोज ३०० टन कचरा जाळून वीज काढणारा कारखाना उभारला. तो जेमतेम २१ दिवस चालला. कचऱ्यात खरकटे, भाजीचा पाला आणि माती. जाळ कुठून होणार? तरीही भट्ट्यांचा सोस सुटलेला नाही.

कागद, पुठ्ठा, प्लास्टिक जळते खरे. पण ते विकून कचरावेचकांच्या घरची चूल पेटते. उरतो ओला कचरा. तो आला कुठून? आपल्याच रानातून. ज्वारी गेली, डाळ गेली, भाजी गेली. रास्त भाव मिळाला नाहीच, वर मातीचे सत्त्वही गेले. कोरडवाहू जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटला, म्हणून पावसाचा खंड पडताच पीक माना टाकते.

यावरचा उपाय नवा नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला, कापूस संशोधनासाठी निघालेल्या संस्थेत, पऱ्हाटी, काडीकचरा आणि शेण यांचे खत करण्याची पद्धत बसवली. पऱ्हाटी गाडीवाटेवर टाकून चाकांखाली चिरडून घेत. त्याच इंदुरात २०२२ साली रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढण्याचा प्रकल्प सुरू झाला. गॅस काढून उरते ते खत.

मात्र शहर देईल ती घाण आपण घेणार नाही. मिसळलेल्या कचऱ्याच्या खतात काचा येतात, जड धातू येतात. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टात किलोमागे शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम ठरवली आहे.

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन ठराव करा. नगरपालिकेने ओला कचरा घरातूनच वेगळा घ्यावा. खताच्या प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा दाखला द्यावा. भट्टीवर उधळायचा पैसा खताच्या वाहतुकीला लावावा. ही भीक नव्हे, आपल्याच मातीची परतफेड आहे.

आणि चौथा ठराव स्वतःसाठी: बांधावर पऱ्हाटी पेटवणे बंद. आपणच आपली भट्टी लावली, तर शहराला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आपल्या रानाचा फिटायचा तर उकिरडा रानात आला पाहिजे, भट्टीत नव्हे.