कॉलर उतरली, ‘मी’ उरला

२३ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत एका ‘फादर’चा उदय झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे फादरपण संपुष्टात आले. या फादरला गुरुदीक्षा मिळालेली नव्हती, त्याचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता. कारण मुळात तो माणूसच नव्हता. कॅलिफोर्निया राज्यात, सान दिएगो शहराजवळ, ‘कॅथोलिक आन्सर्स’ नावाची संस्था आहे. तिने घडविलेले ते एक संभाषणयंत्र होते. आजच्या बोलीत चॅटबॉट. पडद्यावर पिकल्या दाढीचा, काळ्या झग्यातला, गळ्याशी पांढरी कॉलर असलेला एक प्रौढ पुरुष दिसे. त्याला प्रश्न विचारावा आणि त्याने गंभीर, प्रेमळ स्वरात उत्तर द्यावे, अशी योजना होती. नाव ठेवले होते ‘फादर जस्टिन’.

या संस्थेविषयी आकस बाळगून हे लिहीत नाही. १९७९ साली कार्ल कीटिंग या प्रापंचिक गृहस्थाने तिची स्थापना केली आणि पुस्तके, व्याख्याने व नभोवाणीवरील कार्यक्रम यांच्याद्वारे तिने असंख्य श्रद्धावंतांच्या शंकांचे निरसन केले आहे. तिचा हेतूही वाईट नव्हता. टीकेचे मोहोळ उठल्यावर संस्थेचे अध्यक्ष क्रिस्टोफर चेक यांनी खुलासा केला की, धर्मगुरूचे रूप देण्यामागे ज्ञान व अधिकार यांचा भाव सूचित व्हावा आणि धर्मगुरूंविषयी आम्हांला वाटणारा आदर व्यक्त व्हावा, एवढाच उद्देश होता. खुलासा प्रामाणिक असेल. परंतु दुखण्याचे मूळ त्या खुलाशातच आहे. अधिकार ‘सूचित’ कसा करावयाचा? अधिकार असतो किंवा नसतो. नसलेल्या अधिकाराचा भाव वेशाने निर्माण करणे याला आपल्या भाषेत सोंग म्हणतात, आणि देवाच्या घरात सोंगाला जागा नाही.

सोंग तरी नीट वठले का? लोकांनी त्याला सहज विचारले, तेव्हा आपण खरेखुरे धर्मगुरू असून इटलीतील असिसी येथे राहतो, असे त्याने सांगितले. कोणी त्याच्यापुढे पाप कबूल केले, तर त्याने पापक्षमेचे शब्द उच्चारले. खेळाडू पितात त्या गॅटोरेड नावाच्या रंगीत पेयाने बाळाचा स्नानसंस्कार करता येईल काय, असे कोणी खोचकपणे विचारले, तेव्हा अडचणीच्या प्रसंगी चालेल, असा निर्वाळाही त्याने दिला! स्नानसंस्काराला खरे पाणीच लागते, हे आपल्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूलही सांगेल. जगभर हसू झाले. चोवीस एप्रिलला संस्थेने त्याची कॉलर उतरवली, अंगात साधा कोट चढवला, नावामागचे ‘फादर’ गाळले आणि आता हा केवळ ‘जस्टिन’, एक प्रापंचिक ईशज्ञानी आहे, असे जाहीर केले. मुळात तो धर्मगुरू नव्हताच, म्हणून त्याला पदमुक्त केले असे आम्ही म्हणणार नाही, असा विनोदही संस्थेने केला.

हा विनोद झाला आणि वाद मिटला, असे सर्वांनी गृहीत धरले. माझे म्हणणे असे की वाद मिटला नाही. तो फक्त दृष्टीआड झाला. बदलले काय? चित्र बदलले, उपाधी बदलली. बोलण्याची रीत तीच राहिली. हे यंत्र उत्तर कसे देते, ते एकदा समजून घ्यावे. कोट्यवधी पाने लिखित मजकूर त्याला पुरविलेला असतो. त्या मजकुरात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते गणिताने ठरविते आणि एकेक शब्द पुढे ठेवीत जाते. खरे आणि खऱ्यासारखे यांतील भेद त्याला स्वतःहून उमगत नाही. ‘तुम्ही धर्मगुरू आहात काय?’ या प्रश्नाला झगा घातलेल्या पात्राच्या तोंडी ‘होय’ हे उत्तर शोभते, म्हणून ते ‘होय’ म्हणाले. त्यात त्याचा दोष तो काय? दोष आहे त्याला ‘मी’ म्हणावयास लावणाऱ्यांचा. ‘मी धर्मगुरू आहे’ हे वाक्य खोटे होतेच. पण ‘मी प्रापंचिक ईशज्ञानी आहे’ हे वाक्य तरी खरे कसे? प्रापंचिक म्हणजे ज्याला प्रपंच आहे तो. ज्याला ना घर ना दार, ना भूक ना मरण, तो प्रापंचिक कोणत्या अर्थाने? चेक महाशयांनी धर्मगुरूंची क्षमा मागितल्यासारखे केले. आम्हां प्रापंचिकांची कोणी मागावयाची?

आणि नाव तरी कोणाचे घेतले! संत जस्टिन हा दुसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ. ख्रिस्ती झाल्यावरही त्याने तत्त्वज्ञाचा अंगरखा टाकला नाही, आणि तो धर्मगुरू नव्हता, अशीच परंपरा आहे. पॅलेस्टाईनमधील फ्लाविया नेआपोलिस, म्हणजे आजचे नाब्लुस, हे त्याचे जन्मगाव. ख्रिस्ती जनांवरील आरोपांना उत्तर म्हणून त्याने सम्राट आन्तोनिनुस पायस याला उद्देशून जो ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभीच त्याने स्वतःचे नाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव आणि आपले गाव लिहून टाकले आहे. आजच्या वाचकाला ही औपचारिकता वाटेल. पण ज्या राज्यात ख्रिस्ती असल्याची कबुली हाच गुन्हा होता, त्या राज्याच्या सम्राटाला एक मनुष्य आपला पत्ता कळवीत होता. पुढे इ. स. १६५ च्या सुमारास रोम येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा ‘मी’ असा होता. तो खोडून काढावयाचा तर मान कापावी लागली. यंत्राचा ‘मी’ कळ दाबताच नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोशाखात परत येतो.

हा ‘मी’ म्हणजे शब्दांचा कीस आहे, असे कोणी म्हणेल. ख्रिस्तसभेला तसे वाटत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने एक निर्णय प्रसिद्ध केला. काही ठिकाणी धर्मगुरू ‘मी तुला स्नानसंस्कार देतो’ असे न म्हणता, सर्वांना सामावून घेण्याच्या भाबड्या हौसेने ‘आम्ही तुला स्नानसंस्कार देतो’ असे म्हणत होते. विभागाने निःसंदिग्धपणे सांगितले की असा स्नानसंस्कार झालाच नाही. ज्यांचा झाला असे वाटते, त्यांचा तो नव्याने व्हावयास हवा. एका सर्वनामाचा फरक! कारण संस्कार देताना त्या मनुष्याच्या मुखाने स्वतः ख्रिस्त बोलत असतो, आणि ख्रिस्त हा कोणी मंडळ नव्हे, कोणी एक आहे. ज्या ख्रिस्तसभेने ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांमध्ये एवढी काटेकोर रेघ ओढली, तिच्याच नावाने चालणाऱ्या यंत्राने कोणीही नसताना ‘मी’ म्हणावे आणि आपण कौतुकाने पाहावे?

धर्मकायद्याकडे पाहिले तर विसंगती अधिकच ठसठशीत होते. सुधारित संहितेच्या १३७९ व्या कलमाप्रमाणे, अधिकार नसताना जो कोणी पापमुक्ती देण्याचा प्रयत्न करील किंवा पापनिवेदन ऐकेल, त्याच्यावर आपोआप बंदी येते. त्यासाठी निकालाचीही वाट पाहावी लागत नाही. आता सांगा, असिसीत राहणाऱ्या या गृहस्थावर बंदी कशी घालावी? त्याला पवित्र वस्तूंपासून दूर ठेवावे तर तो त्यांच्या जवळ नव्हताच. शिक्षेला पात्र होण्यासाठीसुद्धा कोणीतरी असावे लागते. धर्मगुरूकडे पापनिवेदन केले तर ते गुपित त्याच्याबरोबर थडग्यात जाते. यंत्राला सांगितलेले शब्द कोणत्या तरी दूरच्या संगणकावर पोहोचलेले असतात आणि तेथे त्यांचा धनी कोण, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते.

यावर ठरलेले उत्तर येते. ख्रिस्तसभेने नेहमीच नवी साधने स्वीकारली. १५५६ साली येशूसंघीयांनीच भारतातील पहिला छापखाना गोव्यात आणला, १९३१ साली मार्कोनीने उभारून दिलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून अकरावे पायस बोलले. मग आताच नाके का मुरडता? युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु छापखान्याने कधी ‘मी फादर आहे’ असे म्हटले नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेव्हा त्यातील प्रत्येक ओवीचा जाब विचारावयास साष्टीत हाडामांसाचे स्टीफन्स हजर होते. नभोवाणीवर आवाज लहरींतून आला, पण तो कोणाचा तरी आवाज होता. साधन आणि सोंग यांतला हा फरक २००२ सालीही स्पष्ट होता: इंटरनेटवर संस्कार नाहीत, असे व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम परिषदेने तेव्हाच सांगून ठेवले आहे.

दुसरे उत्तर अधिक धोकादायक आहे, कारण ते निम्मे खरे आहे. यंत्र सुधारत आहे, असे म्हणतात. गॅटोरेडची चूक पुन्हा होणार नाही. होणार नाही, हे मलाही मान्य आहे. दर काही महिन्यांनी ही यंत्रे अधिक जाणती होत आहेत. ती आता चित्र पाहतात, आवाज ऐकतात, काल काय बोललो ते आज स्मरणात ठेवतात. व्यापारी जगात तर सुधारणेबरोबर नावही बदलते. गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बार्ड’ घोषित केले. पहिल्याच जाहिरातीत त्याने जेम्स वेब दुर्बिणीविषयी चुकीची माहिती दिली आणि त्या एका दिवसात कंपनीच्या भागांचे मूल्य सुमारे शंभर अब्ज डॉलरांनी घसरले. त्याच वर्षी जुलैत ते मराठी बोलू लागले, म्हणजे आपल्या ओसरीपर्यंत पोहोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे ‘जेमिनी’ झाले. नव्या नावाबरोबर आत नवे, अधिक समर्थ यंत्रही आले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बाजारात हे चालते. साबणाचे वेष्टन बदलते तसे.

श्रद्धेच्या प्रांतात मात्र चूक ही आपली राखण करीत होती. गॅटोरेडमुळे लोक सावध झाले. उद्याचा जस्टिन चुकणार नाही. विधवेच्या प्रश्नाला तो नेमका धीराचा शब्द देईल, तरुणाच्या संशयाला आक्विनासचा आधार देईल, मध्यरात्री तीन वाजताही कंटाळणार नाही. तेव्हा कोण म्हणेल की येथे कोणी नाही? १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वाइझेनबाउम या शास्त्रज्ञाने ‘एलायझा’ नावाचा अगदी बाळबोध कार्यक्रम रचला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करी, इतकेच. वाइझेनबाउमच्या सचिवेने तो घडताना पाहिला होता. तरीही थोडा वेळ बोलल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. इतक्या ओबडधोबड यंत्रापुढे मनुष्य मन मोकळे करतो, तर कुशल यंत्रापुढे काय करील? वाइझेनबाउम पुढे आयुष्यभर या भुलीविरुद्ध लिहीत राहिले. यंत्राला माणूस म्हणून मिरविणे टाळावे, असे व्हॅटिकनने जानेवारी २०२५ च्या ‘अन्तिक्वा एत नोवा’ या टिपणात सांगितले, ते या भुलीला ओळखूनच.

आपल्यातही नामांतरे होतात. शिमोनाचा पेत्र झाला तो जबाबदारी अंगावर पडली म्हणून. मे २०२५ मध्ये कार्डिनल प्रीव्होस्ट यांनी लिओ हे नाव घेतले आणि कारणही सांगितले: १८९१ साली तेराव्या लिओंनी ‘रेरुम नोवारुम’ लिहून कारखान्यांच्या युगातील श्रमिकांचा कैवार घेतला, आज कृत्रिम बुद्धिमत्तेने तसाच प्रश्न उभा केला आहे. एका मनुष्याने नाव घेऊन ओझे उचलले. आणि सान दिएगोजवळ एका यंत्राचे नाव बदलून ओझे उतरविण्यात आले.

उद्या मराठीतही कोणी उत्साही मंडळी असे काही रचतील. कदाचित कामाला लागलीही असतील. त्यांच्याशी माझे भांडण नाही, मागणी आहे. धर्मशिक्षण ग्रंथातील उतारा शोधून द्यावा, परिषदेच्या दस्तऐवजाचे पान दाखवावे, कठीण लॅटिन वाक्याचा अर्थ सांगावा: ही कामे यंत्राने खुशाल करावीत. त्याला चेहरा देऊ नये. संताचे नाव तर मुळीच देऊ नये. ‘मी’ म्हणू देऊ नये. प्रत्येक उत्तराखाली ते कोणत्या पुस्तकातून घेतले आणि चुकले तर कोणत्या जिवंत माणसाने जाब द्यावयाचा, त्याचे नाव छापावे. आणि पापनिवेदनाविषयी कोणी विचारले, तर जवळच्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी फादर किती वाजता बसतात, तेवढे सांगून गप्प राहावे.