खिडकीही औषधच आहे!

कोरोनात आपण हात धुतले, भाजी धुतली, कुरिअरचे खोकेसुद्धा पुसले. पण विषाणू मुख्यतः पसरत होता कोंदट, बंद जागेतल्या हवेतून. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, इतर वस्तीत १६ टक्के.

"मग सगळ्यांना पक्क्या इमारतीत हलवा," असे लगेच म्हटले जाते. पण भिंत पक्की झाली म्हणून हवा शुद्ध होत नाही. गोवंडी-मानखुर्दकडच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती बघा. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर भरदुपारीही दिवा लावावा लागतो. तिथल्या अभ्यासात, ज्या घरांना ऊन-वारा कमी, तिथे टीबी जास्त आढळला.

कारण सोपे आहे. रुग्ण खोकला की सूक्ष्म कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, उन्हाने जंतू मरतात. वारा अडला की तीच हवा घरातले सगळे पुन्हा पुन्हा श्वासात घेतात.

हे आपल्याला माहीत नव्हते असे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रुंद रस्ते आले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती उभ्या राहिल्या. ट्रस्टने गरिबांची घरे पाडली तेवढी बांधून दिली नाहीत, हा त्याचा मोठा दोष. तरी हवा आणि प्रकाश हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे तेव्हा मान्य झाले होते. आज मात्र दोन इमारतींमधले अंतर कमी करायला पैसे भरून सवलत मिळते. त्या सवलतीची खरी किंमत रहिवाशांची फुफ्फुसे मोजतात.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार असेल, तर फक्त कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंड विचारू नका. विचारा: समोरची इमारत किती मीटरवर? पहिल्या मजल्यावर ऊन किती तास? समोरासमोर खिडक्या आहेत का? पॅसेजला उजेड-वारा आहे का? उत्तरे लेखी घ्या, मगच सही करा.

मी टीबीच्या रुग्णाला सहा महिने गोळ्या देऊ शकतो. पण त्याच अंधाऱ्या खोलीत तो परत जाणार असेल, तर त्याच घरातला पुढचा रुग्ण माझ्याकडे येणारच. खिडकी लिहून देता येईल असे प्रिस्क्रिप्शन माझ्याकडे नाही. ती तुम्हालाच मागावी लागेल.