मॅक म्हणजे मैल नव्हे

गेल्या शनिवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा सातवीत आहे आणि सध्या त्याच्या डोक्यात गाड्यांशिवाय दुसरं काही नाही. जेवणं झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, आपली गाडी हायवेला ऐंशीने जाते ना? मग ते किती मॅक झालं?"

इंजिनिअरिंगची डिग्री असल्यावर अशा वेळी मागे हटता येत नाही. :) मोबाइलवर एक कन्व्हर्टर उघडला. १ मॅक म्हणजे ताशी १,२३५ किलोमीटर. ८० भागिले १,२३५, उत्तर ०.०६५. म्हणजे आवाजाच्या वेगाच्या साडेसहा टक्के. स्वारी जरा हिरमुसली. त्याला निदान अर्धा मॅक तरी हवा होता.

दहा मिनिटांनी तो विक्रमांचं एक पुस्तक घेऊन परत आला. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन या ब्रिटिश वैमानिकाने 'थ्रस्ट एसएससी' नावाची गाडी ताशी १,२२८ किलोमीटरने पळवली. दोन जेट इंजिनं बसवलेली गाडी! जमिनीवर आवाजाचा वेग ओलांडणारी पहिली गाडी म्हणून तिची अधिकृत नोंद झाली, मॅक १.०२. भाच्याने माझाच भागाकार करून दाखवला. १,२२८ भागिले १,२३५, म्हणजे ०.९९४. "मामा, मग ती पुढे गेलीच नाही की! पुस्तक चुकलंय का तू?"

मी चुकलो होतो. पण भागाकारात नाही, भाजकात.

आवाजाचा वेग हा एक आकडा नाहीच. हवेतल्या रेणूंनी एकमेकांना धक्के देत देत आवाज पुढे जातो आणि हे रेणू किती वेगाने धावतात ते तापमानावर ठरतं. अकरावी-बारावीत आपण सगळ्यांनी हे पाठ केलंय आणि परीक्षेनंतर इमानदारीत विसरलोय. ढोबळ सूत्र असं: ३३१.३ मध्ये तापमानाच्या (सेल्सिअस) ०.६ पट मिळवा, की सेकंदाला किती मीटर ते आलं. त्याला ३.६ ने गुणा, झाले ताशी किलोमीटर.

आता २० अंशाला हा वेग ताशी साधारण १,२३६ येतो. कन्व्हर्टरचा १,२३५ इथूनच आलेला. शून्य अंशाला तो १,१९३ होतो. विदर्भातल्या मे महिन्यात, ४० अंशाला, तोच १,२७५ च्या वर जातो. थ्रस्टच्या आकड्यांवरून उलट गणित केलं तर त्या दिवशीच्या हवेचं तापमान ७ अंशांच्या आसपास येतं. त्या थंड हवेत आवाजच हळू चालत होता, म्हणून गाडी पुढे गेली. तीच गाडी त्याच वेगाने भर उन्हाळ्यात नागपूरजवळ पळवली असती, तर मॅक ०.९६ वर अडकली असती.

विमानांचंही तेच. चक यीगरने १४ ऑक्टोबर १९४७ रोजी बेल एक्स-१ मधून पहिल्यांदा आवाजाचा वेग ओलांडला, तेव्हा त्याचा वेग होता ताशी सुमारे १,१२७ किलोमीटर, म्हणजे थ्रस्टपेक्षा शंभरने कमी. तरी तो मॅक १.०६, कारण तेरा किलोमीटर उंचीवरची हवा शून्याखाली पन्नासहून जास्त अंश गार असते. माझ्या कन्व्हर्टरला विचारलं तर त्याच्या मते यीगर ०.९१ वरच राहिला!

माझा मुद्दा असा आहे. किलोमीटरचे मैल करणं आणि किलोमीटरचे मॅक करणं या दोन गोष्टी एकाच ड्रॉपडाऊनमध्ये शेजारी शेजारी ठेवणं चूक आहे. मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर, ही व्याख्या आहे. नेवाडात तेवढाच, नागपुरात तेवढाच. मॅक हे एककच नाही, ते गुणोत्तर आहे: तुमचा वेग भागिले तुमच्या भोवतीच्या हवेतला आवाजाचा वेग. आपल्या भाषेत सांगायचं तर मैल म्हणजे डझन आणि मॅक म्हणजे डॉलरचा भाव. डझनात किती, हे कुणी तारीख विचारून सांगत नाही. डॉलरचे रुपये किती, हे मात्र तारखेशिवाय सांगताच येत नाही.

डॉलरचं उदाहरण उगाच नाही दिलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रिपोर्टमध्ये मी डॉलरचा भाव सरळ कोडमध्ये लिहून टाकला होता, वर "नंतर बदलू" अशी कॉमेंट. सगळ्या टेस्ट पास झाल्या. भाव सरकत गेला आणि तीन महिने आमचा रिपोर्ट रोज थोडा थोडा खोटं बोलत राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आकडा अगदी बरोबर दिसत होता. प्रोग्रॅम क्रॅश झाला असता तर परवडलं असतं.

कुणी म्हणेल, ऐंशीच्या गाडीला काय फरक पडतो? नाहीच पडत. ०.०६५ काय नि ०.०६३ काय. पण १ च्या जवळ आलात की विक्रम झाला की नाही, हे त्या दोन-तीन टक्क्यांवर ठरतं. प्रवासी विमानंसुद्धा उंचावर मॅक बघूनच उडवतात, बरीचशी ०.८ ते ०.८५ च्या आसपास. पंखांवर धक्कालहरी कधी उठतील हे किलोमीटरवर नाही, या गुणोत्तरावर ठरतं.

म्हणून कन्व्हर्टर लिहिणाऱ्या तमाम बंधुभगिनींना विनंती: मॅकच्या शेजारी तापमानाची एक चौकट द्या. ते जमत नसेल तर निदान "२० अंशाला" एवढे दोन शब्द तरी लिहा.

रविवारी सकाळी भाच्याला फोन करून सांगितलं, पुस्तक बरोबर, मामा चूक. तो म्हणाला, "मग आपल्या गाडीचं खरं उत्तर किती?"

म्हटलं, आधी खिडकीतून बघून सांग, बाहेर किती अंश आहे?