तीन कोटेशन्सचं नाटक

"कमिटीने तीन कोटेशन्स मागवली होती, सगळं रीतसर झालंय." पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या एजीएममध्ये हे वाक्य आलं की पुढचे प्रश्न बंद होतात. खरं तर प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवेत.

आधी पैशाचा आकार बघा. दोनशे फ्लॅट्स, महिना साडेतीन हजार मेंटेनन्स, म्हणजे वर्षाला ८४ लाख. त्यातला मोठा वाटा फॅसिलिटी मॅनेजमेंट एजन्सीच्या हातून जातो: वॉचमन, साफसफाई, पंप, लिफ्ट, जनरेटरचं डिझेल. ऑफिसात एका फालतू सॉफ्टवेअर लायसन्ससाठी आपण तीन-तीन अप्रूव्हल्स घेतो, आणि इथे व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून मोकळे!

आता ती तीन कोटेशन्स. चार जागी चोवीस तास वॉचमन हवा, एवढीच साधी गरज धरा. आठ-आठ तासांच्या पाळ्या केल्या तर रोज बारा माणसं लागतात, आणि प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची तर चौदा. बारा-बारा तास राबवलं, सुट्टी गिळली, तर आठांत भागतं. एक एजन्सी चौदाचा भाव देते, दुसरी आठांचा. दुसरी स्वस्त दिसणारच की! त्यात मालकाने भरायचा १२ टक्के पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआयसी धरलाय का, हे खालच्या आकड्यावरून कळतच नाही. कामाची यादी सोसायटीने आधी ठरवून सगळ्यांना तीच दिली नसेल, तर त्या तीन कागदांची तुलनाच होत नाही. (आणि तिन्ही कागदांवर स्पेलिंगच्या चुका त्याच असतील तर मग बघायलाच नको.)

शिवाय एजन्सीची फी बहुतेकदा एकूण बिलाच्या टक्क्यांत असते. बिल फुगलं की फी फुगते. मग खर्च कमी करायला सांगणार कोण?

कायद्याची गंमत ऐका. पुनर्विकासासाठी बिल्डर निवडायचा तर कलम ७९(अ) खाली राज्य सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आधी ३ जानेवारी २००९ ची, मग सुधारित ४ जुलै २०१९ ची. निविदा, सभेला निबंधकांचा प्रतिनिधी, चक्क व्हिडिओ शूटिंग! इमारतीच्या आयुष्यात एकदाच होणाऱ्या निवडीला कॅमेरा. आणि दर महिन्याला, वर्षानुवर्षं पैसे खाणाऱ्या निवडीला काय? मिनिट्समध्ये एक ओळ: "चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." मिनिट्स पाहायचा हक्क १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सदस्याला दिलाय. पण त्या ओळीत पाहण्यासारखं आहे काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "कमिटीवाले फुकट राबतात, त्यांच्यावर संशय घेता?" राबतात, कबूल. रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीवर चढणाऱ्या काकांबद्दल मला आदरच आहे. पण माझा कोड रोज दुसरं कुणीतरी तपासतं, त्यात मला चोर ठरवलंय असं मला वाटत नाही. उलट कागद उघडा असेल तर काकांवरच शिंतोडे उडत नाहीत. सोसायटीच्या कंत्राटात कमिटी सदस्याचे हितसंबंध नसावेत, हे आदर्श उपविधींतही आहे. मग एजन्सीच्या मालकाशी आपलं नातं किंवा व्यवहार नाही, असं लिहून द्यायला एवढं जड का जातं?

मागणी फार मोठी नाही. एकच कामाची यादी, बंद पाकिटं सदस्यांसमोर उघडणं, तुलनेचा तक्ता मतदानाच्या आठवडाभर आधी नोटीस बोर्डवर, आणि सर्वात स्वस्त एजन्सी नाकारली असेल तर कारण लेखी. एजन्सी लिफ्टवाल्याकडून किंवा डिझेलवाल्याकडून कमिशन घेते का, हा प्रश्नही करारातच विचारायचा.

एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. म्हणजे विषयपत्रिकेत हे यायला हवं असेल तर सेक्रेटरींना पत्र ऑगस्टमध्येच द्या, आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिका पोच म्हणून चालत नाहीत.