कार्निव्हल परका, तर मग शिमगा कुणाचा?

पुण्याच्या खराडीत 'कार्निव्हल' हा शब्द आता सणवार पाहून येत नाही. मे महिन्यात सोसायटीच्या क्लबहाउससमोर समर कार्निव्हल, डिसेंबरात शाळेच्या मैदानावर किड्स कार्निव्हल, अधूनमधून फूड कार्निव्हल. मनगटाला कागदी पट्टा बांधून आत जायचं, कूपनं घ्यायची. आत पाणीपुरीला लागून मोमोची गाडी, हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला, गालावर वाघ रंगवून घ्यायला रांगेत उभी पोरं, आणि रात्री दहाच्या ठोक्याला डीजे बंद. यावर दोन मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतं. दुसरा म्हणतो, रिओत, व्हेनिसमध्ये होतं ते खराडीत झालं तर बिघडलं कुठे? दोन्ही पक्ष एकाच जागी चुकतात. कार्निव्हलमध्ये नेमकं काय घडतं, हे दोघांनीही पाहिलेलं नाही. चार पैसे टाकून खाण्यापिण्याची सोय झाली की तिला जत्रा म्हणावं. आपल्याकडे तो शब्द आहे आणि तो चांगला आहे. कार्निव्हलची खूण वेगळी आहे. लहानाने मोठ्याला तोंडावर ऐकवायचं आणि मोठ्याने ते निमूट ऐकून घ्यायचं, असे वर्षातले ठरलेले दिवस म्हणजे कार्निव्हल. ते दिवस महाराष्ट्राकडे होते, अजून काही ठिकाणी आहेत. खराडीला गरज आहे ती त्यांची.

आधी बाहेरचा दाखला पाहू. ख्रिस्ती पंचांगातला ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधीचे कार्निव्हलचे हे दिवस. व्हेनिसमध्ये त्या दिवसांत उमराव आणि कारागीर दोघेही मुखवटा चढवत आणि मुखवट्यामागच्या माणसाला हुद्द्यावरून हाक मारायची नाही असा रिवाज होता. 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडालं, परक्या अंमलात हा उत्सवही मिटला, आणि पुढे जवळजवळ दोन शतकांनी तो पुन्हा उभा राहिला तो मुख्यतः पर्यटकांसाठी. ऱ्हाइनकाठच्या मिरवणुकांत मात्र आजही सत्तेवरच्या पुढाऱ्यांचे कागदी लगद्याचे अवाढव्य पुतळे गाड्यांवरून निघतात आणि कुणाचीही गय होत नाही. इतकं दूर तरी कशाला? पणजीची चित्ररथ मिरवणूक 1965 पासूनची, मुक्तीनंतर नव्याने सुरू झालेली. टीव्हीवर दिसतो तोच गोव्याचा कार्निव्हल अशी आपली समजूत. पण सासष्टीतल्या चांदोर गावी कार्निव्हलच्या सोमवारी ख्रिस्ती गावकरी धोतर नेसून, पागोटी बांधून, पायात घुंगरू घालून मुसळ खेळतात. ढोलाच्या ठेक्यावर मुसळ जमिनीवर आपटत ते घरोघर जातात. या खेळाची आठवण पोर्तुगीजांच्याही आधीची, विजयनगरच्या काळाशी जोडलेली. सासष्टीच्याच गावागावांत 'खेळ' करणारी पथकं अंगणात उभी राहून गावातल्या घडामोडींवर टोमणे मारतात. ज्याला परका सण म्हणून नाक मुरडायचं, त्याच्या पोटात मुसळ आणि पागोटं निघतं. मग परकं ठरवायचं कुणाला?

घरचा दाखला याहून ठसठशीत आहे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथे धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. आठ दशकांहून अधिक काळ हे चालत आलं आहे. जावई आधीपासून पळ काढतात, गावातली पोरं त्यांच्या मागावर असतात. गळ्यात चपलांची माळ, पुढे वाजंत्री, आणि मिरवणूक संपली की त्याच माणसाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी. मराठी घरात ज्याच्या ताटाला सगळ्यात आधी तूप पडतं, त्या माणसाला निवडून गाढवावर बसवणं याला थिल्लरपणा म्हणणाऱ्याला थट्टेचं व्याकरण कळलेलं नाही. कोकणात पालखीबरोबर संकासुर निघतो आणि खोत असो की कूळ, दोघांच्याही अंगावर सारखाच धावून जातो. होळीभोवती बोंब मारताना नावं घेतली जात, आणि ती बहुतेक वर्षभर ज्यांची नावं कुणी मोठ्याने घेत नसे अशांची. तमाशातला सोंगाड्या राजाची टर उडवतो तो याच रक्ताचा. आपल्याकडे 'असलं काही' नव्हतं म्हणणाऱ्यांना शिमगा आठवत नाही, की आठवतो म्हणूनच ते असं म्हणतात?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शिमग्याची ती मोकळीक पुरुषांची होती. शिव्या बाईच्या नावाने होत्या, चिखल दुबळ्याच्या अंगावर आधी पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत सुधारकांनी होळीचा गलिच्छपणा थांबावा म्हणून गाणी, खेळ, व्याख्यानं भरवली ती उगाच नव्हे. युरोपचा इतिहासही स्वच्छ नाही. पोपच्या रोममध्ये कार्निव्हलच्या दिवसांत ज्यूंना गर्दीपुढे शर्यतीत पळायला लावत; हा छळ थांबायला 1668 साल उजाडलं. म्हणजे उलथापालथीच्या नावाखाली वरच्यानेच खालच्याला आणखी खाली दाबायचं, असंही होतं. हे नाकारून शिमग्याची बाजू मांडणारा अप्रामाणिक ठरेल. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? सण बंद करा, की सणाची दिशा सरळ करा? जर्मनीत बॉनसमोर ऱ्हाइनपलीकडे बॉयल नावाची वस्ती आहे. तिथल्या धोबिणी कोलोनच्या शेटजींचे कपडे धूत. पुरुष कार्निव्हलला जात आणि बायका घाटावर राबत. 1824 मध्ये त्या धोबिणींनी स्वतःची समिती काढली आणि आपला दिवस घेतला. आज त्या भागातल्या शहरांत कार्निव्हलच्या गुरुवारी बायका नगरपालिकेवर चाल करून जातात आणि कात्रीने पुरुषांचे टाय कापतात. ब्राझीलमध्ये कार्निव्हलच्या गर्दीत होणाऱ्या छेडछाडीविरुद्ध बायकांनी 'नाही म्हणजे नाही' म्हणत मोहीम उघडली, आणि 2018 मध्ये तिथे अंगचटीला जाणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. नाचणं काही थांबलं नाही. धुळवडीला पोरींना घरात कोंडून घ्यावं लागतं ही लाज शिमग्याच्या गळ्यात बांधून मोकळं होणं सोपं आहे. रस्ता पोरींच्या ताब्यात देणं अवघड, म्हणून ते कुणी करत नाही.

दुसरा आक्षेप शिकल्यासवरल्यांचा. रशियन विचारवंत मिखाइल बाख्तिनने कार्निव्हलच्या हसण्यात मुक्ती पाहिली, त्यावर टीकाकारांनी बिनतोड प्रश्न विचारला: सरकारी परवान्याने केलेली बंडखोरी ही कसली बंडखोरी? दोन दिवस वाफ जिरवायची, तिसऱ्या दिवशी कूळ पुन्हा कूळ आणि खोत पुन्हा खोत. यात तथ्य आहे. बहुतेक वर्षी तसंच होतं. पण राज्यकर्त्यांना मात्र हे कधी पटलेलं दिसत नाही. फ्रान्समधल्या रोमाँ गावी 1580 च्या कार्निव्हलमध्ये करांनी गांजलेले कारागीर आणि शेतकरी सोंगं घेऊन नाचले, तेव्हा गावच्या धनिकांनी त्या नाचाला भिऊन त्यांची कत्तल केली. त्रिनिदादमध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी मळेवाल्यांच्या दिवाणखान्यातला कार्निव्हल रस्त्यावर आणला. 1881 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कॅप्टन बेकरच्या पोलिसांनी त्यांच्या मशाली विझवायला जाऊन लाठ्या खाल्ल्या, आणि 1884 मध्ये ढोलांवर बंदी आली. ढोल गेले, लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन जन्मलं, जे आज त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. नुसती वाफ असती तर ढोलांवर कायदा करायची वेळ आली नसती.

आता खराडी. 1997 मध्ये हे गाव महापालिकेत आलं, पुढे ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारती उठल्या. आज मुळा-मुठेच्या या काठावर गावठाणातली घरं, काचेच्या कचेऱ्या, गेटबंद सोसायट्या आणि बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. हाक मात्र कुणी मारत नाही. सोसायटीतले साहेब वॉचमनला 'भैया' म्हणून हाक मारतात, वॉचमन त्यांना सलाम ठोकतो, याहून पुढे बोलणं नाही. मनगटाचा पट्टा ही भिंत आणखी उंच करतो. त्या मैदानावरचे तंबू ठोकणारा माणूस संध्याकाळी आत येत नाही. इथे शिमगा निघाला तर पहिला चित्ररथ पाण्याच्या टँकरचा निघेल हे सांगायला ज्योतिषी नको. दुसरा बायपासवर तासभर अडकलेल्या कॅबचा, ज्यात बसलेला मॅनेजर मीटिंगमध्ये आपण 'पोचतोच आहे' असं सांगतो आहे. घरकाम करणाऱ्या मावशी कमिटीच्या चेअरमनचं सोंग आणतील आणि कामवाल्यांची लिफ्ट वेगळी का, हे त्यालाच नियमावली वाचून विचारतील. जमिनी विकून गाड्या घेतलेले गाववालेही सुटायचे नाहीत, आणि सुटू नयेत.

यावर कुणी म्हणेल, मिरवणुका इथे आहेतच, डीजेने खिडक्या हादरतात, आणखी एक कशाला? पण भिंतीएवढ्या स्पीकरपुढे सोंगाड्याचं एक वाक्यही ऐकू येत नाही. थट्टेला शब्द लागतात. ढोलकी, झांज आणि खणखणीत गळा एवढ्यावर हे भागतं, आणि दहाच्या आत आटोपतं. राहिला पैसा. प्रायोजक लागतोच, असं सांगितलं जातं. रिओच्या कार्निव्हलच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सांबा शाळांना जुगाराच्या अड्डेवाल्यांनी वर्षानुवर्षं पोसलं हे खरं, तरी 2019 मध्ये माँगेराच्या शाळेने खून झालेल्या नगरसेविका मारिएल फ्रांकोचं नाव गात पहिला क्रमांक मिळवला. खराडीच्या मंडळांकडे याहून साधा मार्ग तयार आहे: दारोदार फिरून, पावती फाडून गोळा केलेली वर्गणी. बिल्डरचा फ्लेक्स कमानीवर चढला की टँकरच्या रथावर त्याचं सोंग बसवता येत नाही, तेव्हा पहिली पावती मजुरांच्या खोल्यांत फाडावी, दहा रुपयांची का असेना, आणि सोसायट्यांच्या गेटवर नंतर जावं.